चंद्री उठली का?

साहेब सकाळी पावणेसहाला येत. चपला दाराबाहेर काढत, पायपुसण्यावर पाय पुसत, आणि माझ्याकडे न बघताच विचारत, "चंद्री उठली का?"

मी म्हणायची, "अजून येळ हाय."

मग ते दाराकडे पाठ करून बाकावर बसत आणि डोळे मिटून घेत. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्या हातातलं जगाचं आणि उजव्या हातातलं आतल्या मोठ्या कंप्युटरचं. दोन्हींत अर्ध्या मिनिटाचा जरी फरक पडला तरी जगाचं घड्याळ चुकलं असं धरून ते डाव्या हातातलं हलवत. सहा वाजता फाटकावर अंबाजोगाईची एसटी येऊन थांबायची आणि त्याच वेळी आत प्रिंटर करकर वाजायला लागायचा. तेव्हा साहेबांच्या तोंडावर जे हसू यायचं ते दुसऱ्या कुठल्याही वेळी मी बघितलं नाही. पगाराच्या दिवशीही नाही.

"उठली बघा," म्हणायचे आणि चहाला जायचे.

चंद्री म्हणजे बाई नव्हे. गायही नव्हे. गाय एके काळी होती, साहेबांच्या लहानपणी, पाटोद्याकडच्या त्यांच्या गावी. ही चंद्री म्हणजे कंप्युटरच्या आत ठेवलेलं एक काम होतं. ते ठरल्या वेळी आपलं आपण उठायचं, आपलं आपण व्हायचं आणि परत झोपायचं. बास. आणि मी हातापायांची, दोन लेकरांची बाई, त्या कामावर जळत होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरी नवऱ्याला तेवढं कळलं होतं, कारण रोज रात्री जेवताना माझ्या तोंडात तेच नाव. तो विचारायचा, "मग, आज तुझी सवत उठली का?"

"उठली."

"मशिनीवर जळणारी बायको आख्ख्या जिल्ह्यात मला एकट्यालाच मिळाली बघ," म्हणून तो ताट पुढे सरकवायचा. त्याला गंमत वाटायची. मला वाटायची नाही.

आमच्या भागात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले, किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या, त्याच वर्षांत साखर कारखान्यानं हा कंप्युटर घेतला. कारखान्याचं नाव लिहीत नाही, साहेबांचंही लिहीत नाही. कंप्युटरला वेगळी खोली, थंड हवेची मशीन, जमिनीवर गालिचा. खोली झाडायला, पाणी भरायला आणि चहा आणायला हंगामापुरती मला ठेवलं. चौथी पास असल्यानं मला यादीवरची नावं वाचता येत होती, म्हणून छापलेली यादी फाटकाजवळच्या फळ्यावर लावायचं कामही माझ्याकडे आलं.

यादी म्हणजे ऊसतोडीची. ज्यानं आधी लागण केली त्याचा ऊस आधी तोडायचा, असा नियम होता. पण यादी शेतकी खात्यातले लोक हातानं लिहीत, आणि हातानं लिहिलेल्या यादीत नाव वरखाली व्हायला फार काही लागत नाही. कुणी साहेबाच्या सोयऱ्याचा सोयरा निघायचा. कुणी संध्याकाळी गावरान कोंबडी घेऊन यायचा. आमचा दीड एकर ऊस तीन वर्षं तुरा येईपर्यंत रानात उभा राहिला. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडतो, वजन जातं. नवरा रोज बांधावर जाऊन नुसता बघून यायचा.

पुढे कंप्युटर आला तरी यादी काढायला एक ऑपरेटर होता. तो सकाळी येऊन बटणं दाबायचा. लोकांनी कोंबड्या घेऊन त्याचं घर शोधलं, एवढाच फरक.

मग हे साहेब आले. त्यांनी काय केलं, ते त्यांनी मला बाकावर बसून, रुमाल पसरून सांगितलं होतं. मला म्हणजे मुद्दाम मलाच असं नव्हे. त्यांना ते कुणाला तरी सांगायचं होतं आणि तिथं मी होते.

"हे बघा बाई," रुमालावर शेंगदाण्यांच्या रांगा मांडत ते म्हणाले, "ही एक रांग शेतकऱ्यांची. ही लागणीच्या तारखांची. ही गाड्यांची. समद्या रांगा एकमेकीला वळखत्यात. यादी करायची म्हणजे या रांगा जुळवायच्या. आता जुळवणारा बाहेरून आला तर त्याला बाहेरची हवा लागती. त्याला कोंबडी दिसती. म्हणून मी जुळवणारी आतच ठिवली. जिथं रांगा ऱ्हातेत, त्याच घरात. तिला तीन गोष्टी सांगितल्या. काय करायचं, कधी करायचं आन परत कधी उठायचं. आता मी मेलो तरी ती सकाळी सहाला उठणार."

"आन तिला कोण बघतं?" मी विचारलं.

"कुनीच न्हाई. मागच्या मागं काम करती. कुनाच्या नजरंला येत न्हाई, काई मागत न्हाई. अशी बाई मिळायची न्हाई तुमाला."

मी त्यांच्यासमोर फडकं घेऊन उभी होते. पहाटे चारला उठून, भाकरी थापून, तीन किलोमीटर चालून आलेली. साहेबांनी शेंगदाण्यांची पहिली रांग उचलली आणि खाल्ली.

चंद्री एकटी नव्हती. गाड्यांची वजनं जुळवणारी ती तांबू. संध्याकाळी सगळ्या नोंदींची दुसरी प्रत करून ठेवणारी ती कपिली. आणि आतला जुना कचरा काढून टाकणारी ती मोरी. मोरीचा मला पहिल्यापासून राग. आतलं झाडायला मोरी, बाहेरचं झाडायला मी, आणि साहेब म्हणायचे, "मोरी लई स्वच्छ काम करती." पण त्यांचा जीव चंद्रीवर. मला ते 'तुमी' म्हणत, सगळ्यांशी अदबीनं बोलत. चंद्रीला मात्र 'तू' म्हणत. दाराला कान लावून, हळू आवाजात. "दमलीस का गं?" असं त्यांना विचारताना मी स्वतः ऐकलं आहे. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता.

खोलीत कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे. एकदा शेतकी खात्याचे साहेब पान खात आत आले आणि कंप्युटरच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काय म्हणतंय तुमचं यंत्र?" साहेबांनी त्यांचा हात उचलून बाजूला केला, आजारी माणसाच्या कपाळावरचा उचलावा तसा.

"हात लावू नका. मानसाचा हात लागला की काम बिघडतं."

"अवो, हात न लावता जगात काई होतं का?"

"इथं होतं."

शेतकी साहेब हसले, पण पान थुंकायला बाहेर गेले ते परत आत आले नाहीत. त्यानंतर साहेबांनी दारावर पाटी लावली, 'हात लावू नये'. पाटीवरची धूळ मी रोज पुसत होते. हातानंच.

शंभर दिवस चंद्री न चुकता उठली त्या दिवशी साहेबांनी पेढे आणले. दोन किलो. पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "समद्या खात्यांत वाटा. चंद्रीच्या नावाचे हाएत म्हणून सांगा." मी वाटले. गाळप विभागापासून फाटकावरच्या वॉचमनपर्यंत. प्रत्येक ठिकाणी, "कशाचे?" "चंद्रीचे." "पोरगी झाली का साहेबाला?" "न्हाई. यादीचे." त्या शंभर दिवसांत माझाही खाडा नव्हता. एक दिवस तर लेकराला ताप होता तरी आले होते. सगळे वाटून झाल्यावर पुड्यात एक पेढा उरला. तो मी खाल्ला नाही. तो मी कुत्र्याला घातला.

एवढं असून खरं सांगायचं तर चंद्रीनं माझं भलं केलं होतं. त्याच हंगामात आमच्या उसाला पौषात तोड मिळाली. एका संचालकाच्या मेव्हण्याच्या आधी. मी फळ्यावर यादी लावली आणि त्यात नवऱ्याचं नाव सातव्या ओळीत दिसलं. परत वाचलं. बोट ठेवून वाचलं. नवऱ्यानं त्या रात्री विचारलंच नाही सवत उठली का म्हणून. नुसता म्हणाला, "लई इमानदार हाय बघ ती." त्यानं माझ्याबद्दल असं काही म्हटल्याचं मला आठवेना. मी उरलेली भाकरी परत टोपल्यात ठेवली.

त्यानंतरची गोष्ट. माझ्या लक्षात यायला लागलं की एसटी येते, थांबते, कंडक्टरची घंटी वाजते, आणि प्रिंटर अजून गप्प आहे. आधी घंटीबरोबर वाजायचा. मग एसटी पुलापर्यंत गेल्यावर वाजायला लागला. मग पूल ओलांडल्यावर. रोज थोडंथोडं. साहेबांच्या उजव्या हातात घड्याळ होतं, पण ते डोळे मिटून आवाजाची वाट बघत, आणि आवाज आला की खूश होत. किती वाजता आला ते बघतच नसत. तिच्यावर एवढा विश्वास. मला बोलायचा धीर होत नव्हता. पंधरा दिवस मनात घोकलं आणि सोळाव्या दिवशी चहाचा कप ठेवताना मी म्हणाले, "साहेब, चंद्री उशिरा उठायलीय."

ते चमकले. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग आत गेले, बराच वेळ बसले आणि पळतच बाहेर आले. "खरंय की वो! एकवीस मिन्टं!"

 मला वाटलं आता म्हणतील, बाई, तुमचे कान लई तिखट. आता तरी म्हणतील.

"तिची चूक न्हाई," साहेब म्हणाले. "माझीच हाय. मी तिला सांगितलं, आज ज्या येळंला उठलीस तिथनं एक दिस मोज. आज तिला उठायला जराशी येळ लागली की उद्याची येळ तेवढी पुढं सरकती. मग परवाची आनखी. बिचारी सांगितलं तसंच करत व्हती." लगेच आत जाऊन त्यांनी तिला नवीन सांगितलं की आजच्या उशिरावरून मोजायचं नाही, दिवस जिथं बदलतो तिथून मोजायचं. दुसऱ्या दिवशी घंटी आणि प्रिंटर पुन्हा एकदम वाजले. साहेब दाराला कान लावून म्हणाले, "शाब्बास गं."

मी बादली उचलली आणि मागं गेले.

संचालक मंडळानं साहेबांना दोन हंगाम दिले होते. पहिला पार पडला. दुसऱ्यातही यादी एकही दिवस न चुकता निघाली तर कायमची कंप्युटरची यादी. चुकली तर परत शेतकी खात्याची वही. ही अट फाटकावरच्या वॉचमनलाही पाठ होती. शेतकी साहेब येता-जाता विचारायचे, "काय, निजली का न्हाई अजून तुमची म्हस?" साहेब गळ्यातल्या लिंगाला हात लावत आणि पुढे जात.

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर एमडी साहेब खोली बघायला आले. त्याच आठवड्यात हंगामी बायांमधून दोघींना कायम करायचं होतं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. एमडी साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडनं कुणाचं नाव द्यायचं का?"

मी ट्रे खाली ठेवला नाही, तसाच धरून ऐकत राहिले. 

साहेब छाती काढून म्हणाले, "या खोलीत आता मानसाची गरजच न्हाई साहेब. समदं आपोआप चालतं."

त्यांना ते माझ्याविरुद्ध बोलायचं नव्हतं. ते मला आजही कळतं. मी तिथं आहे हेच त्यांच्या लक्षात नव्हतं. ते चंद्रीची तारीफ करत होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आणि देव सोडून कुणालाच माहीत नव्हती. वीज रोज रात्री जायची. कंप्युटरला मोठ्या बॅटऱ्या होत्या, तो चालू राहायचा. प्रिंटर बॅटरीवर नव्हता. वीज परत आली की त्याचा दिवा लाल राहायचा. एक बटण दाबून धरलं की दिवा हिरवा व्हायचा आणि मग तो कागद घ्यायचा. जुन्या ऑपरेटरनं मला एकदा ते दाखवलं होतं. तेव्हापासून मी रोज साडेपाचला कुलूप उघडून आधी बटण दाबत होते, कागद सरळ बसवत होते, मग झाडत होते. साहेब पावणेसहाला येत तेव्हा दिवा हिरवा असे. त्यांना वाटायचं तो असतोच हिरवा.

आणि प्रिंटर तयार नसेल तर चंद्री काय करते, तेही त्यांनी मला शेंगदाण्यांवर सांगितलं होतं. "काम झालं न्हाई असं धरती. येका मिन्टानं परत उठती. तरी न्हाई जमलं तर दोन मिन्टानं. मग चार. दर खेपंला दुप्पट थांबती, पार येक दिसापर्यंत. अशी सोळा येळा उठती. सोळा झाल्या की बसती. मग कुनीतरी ऊठ म्हणल्याबिगर उठत न्हाई."

त्याच महिन्यात साहेबांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, बीडला. साहेब नऊ दिवसांच्या रजेवर गेले. ऑपरेशन झालं की आईचा कपिलधारचा नवस फेडायचा होता. जाताना खोलीची दुसरी किल्लीही माझ्याकडे दिली आणि एक चिठ्ठी, बीडच्या एका एसटीडीवाल्याच्या नंबराची. "चंद्री उठली न्हाई तर हितं फोन करा. करायची पाळी येनार न्हाई, पर असू द्या."

पहिल्या दिवशी मी साडेपाचला कुलूप उघडलं. दिवा लाल होता. मी कागद सरळ केला. बोट बटणावर नेलं. आणि तिथंच थांबले. मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला, एवढा स्पष्ट की दुसरं कुणी आहे का म्हणून मी मागं बघितलं. "आपोआप चालतं ना? चालू द्या."

मी हात मागं घेतला आणि झाडायला लागले.

सहा वाजता एसटी आली. घंटी वाजली. प्रिंटर वाजला नाही. मी बाकावर बसले, साहेबांच्या जागेवर, दाराकडे पाठ करून. मला आनंद झाला. लपवून काय करू, झाला. पहिल्यांदाच ती झोपली होती आणि मी जागी होते.

फळ्यावर कालचीच यादी राहिली. दहा वाजता शेतकी साहेब आले, दाराबाहेरूनच डोकावले. "काय बाई, निजली का?"

"मला काय कळतंय साहेब."

"हात लावू नये," त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली. "न्हाई लावत बाबा." आणि वही मागवली.

दुसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही. साहेबांनी सगळ्यांचे हात एवढे बाजूला केले होते की आता हात लागायची वेळ आली तरी कुणी पुढे होईना. चिठ्ठी माझ्या पदराच्या गाठीत होती. रोज सकाळी गाठ चाचपायची. लाल दिवा बघायची. आज दाबू, म्हणायची, आणि आज दाबलं तर काल का नाही दाबलं, हे कुणी विचारलं तर काय सांगू, असं वाटून परत झाडायला लागायची. एक दिवस गेला की दुसरा जास्त जड होतो.

पाचव्या दिवशी गंगाराम आबा आले. शेजारच्या गावचे, सत्तरीचे. त्यांची पाळी बुधवारची होती, चंद्रीच्या यादीत. वहीत त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

"बाई, ती मशीन कावून बोलत न्हाई?"

"साहेब रजेवर हाएत आबा."

"म्हंजी तिला साहेब लागतो व्हय?" ते पायरीवर बसले. "मला वाटलं तिला कुनीच लागत न्हाई. म्हणून तर इस्वास बसला व्हता." त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. त्यांचा ऊस त्या वर्षी चैत्रात तोडला, तुरा येऊन वाळल्यावर. आजही त्यांच्या घरावरून जायची वेळ आली तर मी दुसऱ्या वाटेनं जाते. ते गेले, तरी जाते.

आठव्या दिवशी मी बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. मी कागद बसवला, हात जोडले आणि वाट बघितली. एसटी आली आणि गेली. काही झालं नाही. मी कंप्युटरजवळ गेले. आजवर त्याला फडक्याशिवाय हात लावला नव्हता. त्याच्यावर तळहात ठेवला, गरम होता, आणि म्हणाले, "ऊठ गं चंद्री. ऊठ. झालं ते झालं."

तिनं माझं ऐकलं नाही. तिला ऊठ म्हणायची भाषा वेगळी होती आणि ती मला येत नव्हती.

साहेब दहाव्या दिवशी आले. कपिलधारचा अंगारा कपाळाला होता. "चंद्री उठली का?" असं विचारलं आणि माझं तोंड बघून तसेच आत गेले. मी दारात उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. ते पडद्यावरचं वाचत होते. आत सगळ्याची नोंद राहते, कोण कधी उठलं, काय झालं. "सहा वाजता. सहा येक. सहा तीन. सहा सात. सवासहा..." एकेक वेळ ते वाचत गेले, कुणाच्या आजारपणाचे दिवस मोजावेत तसे. "सोळा येळा उठली वो. येकटी. सोळा येळा."

मग ते प्रिंटरपाशी आले. "लाईट गेलती?"

"रोज जाती."

"मग ह्यो दिवा?"

"लाल व्हतो."

"पर मी येतो तवा तर हिरवा असतो."

मी फडकं पिळत राहिले. ते माझ्याकडे बघत होते, मग दिव्याकडे, मग परत माझ्याकडे.

"तुमी करत व्हता?"

"व्हय."

"रोज?"

"रोज. तुमी यायच्या आधी."

"मग आता कावून न्हाई केलं?"

जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही आवाज चढला नाही. "या खोलीत मानसाची गरज न्हाई, म्हणलतात," एवढंच मी म्हणाले.

साहेब बसले. गालिच्यावरच बसले. मला वाटलं ओरडतील, किल्ली मागतील. त्यांनी दोन्ही घड्याळं काढून समोर ठेवली आणि त्यांच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "मी समदी कामं मोजली. ह्ये येक मोजलंच न्हाई."

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक झाली. मी माझ्या हातांनी तिथं पाणी नेलं. शेतकी साहेब हसत बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, यादी का बंद पडली. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. मी केलेल्या मांडणीत येक जागा कच्ची राहिली." कुठली, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी माझं नाव घेतलं नसतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. वही परत आली. कोंबड्याही परत आल्या.

हंगाम संपला तसं साहेबांनी राजीनामा दिला. पुण्याला कुठंतरी गेले म्हणतात. जाण्याआधी त्यांनी एमडी साहेबांना एक चिठ्ठी दिली. तिच्यात काय होतं ते मला हापिसातल्या कारकुनानं नंतर वाचून दाखवलं. लिहिलं होतं की कंप्युटर खोलीतलं एक काम आपोआप होत नाही, ते या बाई करतात, यांना कायम करावं. मला कायम केलं. रिटायर होईपर्यंत मी त्या खोलीत होते. कायम झाल्यावरचा पहिला पगार घरी नेला तेव्हा नवरा म्हणाला, "सवतीच्या पुण्याईनं." मी त्याला त्या रात्री जेवायला वाढलं नाही.

जायच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं होतं. पडद्यावर एक ओळ लिहून ठेवली होती. "तिला ऊठ म्हणायचं ते ह्ये असं लिवायचं," म्हणाले. "ह्ये मोठं बटण दाबा."

"मी?"

"तुमीच."

मी पदराला बोट पुसलं आणि दाबलं. क्षणभर काही नाही. मग प्रिंटर वाजला. साहेब डोळे मिटून ऐकत होते. यादी आली, चार हात लांब, जिची आता कुणाला गरज नव्हती, कारण रानात ऊसच उरला नव्हता. वहीतून झालेल्या तोडीची नोंद चंद्रीकडे नव्हती, म्हणून तिच्या लेखी राहून गेलेली नावं होती. पहिलं नाव गंगाराम आबांचं.

"शाब्बास," साहेब म्हणाले. तेव्हा त्यांचं तोंड नेमकं माझ्या आणि कंप्युटरच्या मध्ये होतं. कुणाला म्हणाले ते मी विचारलं नाही. आता विचारायला ते कुठं आहेत तेही माहीत नाही.

ती यादी मी घडी करून ब्लाऊजमध्ये घातली आणि घरी आणली. इतकी वर्षं पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली होती. हे मी तिच्याच पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत आहे. दोन्ही कडांना प्रिंटरच्या दात्यांसाठीची भोकं आहेत, कागद पिवळा पडला आहे. दिव्यासमोर धरला की तिची अक्षरं माझ्या अक्षरांमधून दिसतात. शाई फिकट झाली तरी ओळी अजून सरळ आहेत, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. माझ्या मात्र खाली उतरत गेल्या आहेत.